दोन दुधांचं बिरडं

बिरडं म्हणजे मोड आणून सोललेले वाल, नारळाच्या दुधात शिजवलेले. ते आज मनात आलं आणि आजच केलं, असं होत नाही. शुक्रवारी रात्री वाल भिजत घातले तर रविवारी दुपारी ते पानात पडतं, आणि श्रावणात हवा गारठलेली असली की मोड यायला आणखी वेळ लागतो. श्रावणी सोमवार संध्याकाळी सोडायला बिरडं हवं असेल तर आमच्या घरी शनिवारी सकाळीच वालाचा डबा खाली उतरतो. एवढी आधीपासून तयारी करावी लागते म्हणून बरेच जण हल्ली बिरड्याच्या वाटेलाच जात नाहीत. मला त्याचं वाईट वाटतं, म्हणून ही पोस्ट.

मी मूळचा सोलापूरचा. आमच्याकडे रश्शाला दाटपणा आणायचा म्हणजे शेंगदाण्याचं कूट. नारळ देवाला, आणि मसाल्यात खोबरं तेही सुकं. नारळाचं दूध काढून त्यात कडधान्य शिजवायचं हे मी लग्नानंतर पाहिलं. सासुरवाडी पेणची, सीकेपी म्हणजे चांद्रसेनीय कायस्थ प्रभू. तिथे पहिल्यांदा बिरडं वाढलं गेलं तेव्हा त्या फिकट पिवळ्या रसाचा मऊपणा मला दुधाच्या सायीचा वाटला. मी विचारलं, "आई, यात साय घातलीय का?" सासूबाई म्हणाल्या, "साय कशाला घालू? नारळ आहे की घरात." पुढे त्यांच्याच हाताखाली मी बिरडं शिकलो. घरात आता ते मीच करतो.

वालाचं आधी सांगतो. बिरड्याला कडवेच वाल हवेत. आकाराने लहान, तांबूस तपकिरी, एका कडेला पांढरी रेघ. दुकानात शेजारीच मोठे, फिकट, गोडे वाल ठेवलेले असतात, ते उसळीला चालतील, पण बिरड्याला त्यांचा उपयोग नाही. कडव्या वालाचा तो किंचित कडवटपणा हाच बिरड्याचा जीव आहे. नारळाचा गोडवा, आमसुलाचा आंबटपणा आणि गूळ हे सगळे त्या कडवटपणाभोवती जमलेले असतात. कडवटपणाच नसेल तर मग उरते ती नुसती गोडसर उसळ.

रायगड जिल्ह्यात भाताची कापणी झाली की त्याच शेतात, जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. वेगळं पाणी द्यावं लागत नाही, थंडीतलं दव आणि खालची ओल एवढ्यावर पीक येतं. द्विदल असल्यामुळे मुळांवरच्या गाठींतून जमिनीत नत्रही राहतो, म्हणजे पुढच्या भाताचीही सोय होते. जानेवारीत शेंगा कोवळ्या भरल्या की भांबुर्ड्याचा पाला घालून मडक्यात पोपटी लावतात, म्हणजे शेंगा भाजतात, ती याच वालाची. ज्या शेंगा वेलावर वाळू देतात त्यांचे वाल वर्षभराच्या डब्यात जातात. आमच्याकडे ते पेणहून येतात. नवे वाल लवकर भिजतात, लवकर मोडतात आणि लवकर शिजतात. दोन वर्षं डब्यात पडून असलेल्या वालांना कितीही आंजारलं-गोंजारलं तरी त्यात गणंग, म्हणजे न भिजणारे कडक दाणे, निघतातच.

चार-पाच माणसांना पाव किलो वाल पुरतात. निवडून, धुऊन भरपूर पाण्यात रात्रभर भिजवायचे. सकाळी ते पाणी टाकून द्यायचं, त्याचा मोह धरायचा नाही. सुक्या वालात अपायकारक अशी काही द्रव्यं असतात. ती भिजवण्याने आणि नीट शिजवण्याने कमी होतात, आणि जास्तीचा कडूपणाही त्या पाण्याबरोबर जातो. मग मलमलच्या ओल्या फडक्यात घट्ट पुरचुंडी बांधून, चाळणीत ठेवून, वर ताट झाकायचं. उन्हाळ्यात रात्रीपर्यंत मोड दिसतात, पावसाळ्यात दुसरा दिवस उजाडतो. फडकं सुकलं तर पाण्याचा हबका मारायचा. तांदळाच्या दाण्याएवढे मोड पुरेत. फार लांब झाले की डाळिंबी, म्हणजे सालीतला दाणा, सोलताना तुटते.

आता सोलणं. लोक कंटाळतात ते इथे, आणि मला सगळ्यात आवडतं तेही इथेच. मोड आलेले वाल कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं टाकायचे. साल फुगते, आतल्या दाण्यापासून सुटते, तिच्यावर बारीक सुरकुत्या दिसायला लागतात. मग एकेक वाल अंगठा आणि तर्जनीत धरून मोडाच्या विरुद्ध बाजूने हलकेच दाबायचा. डाळिंबी मोडाकडून सुळकन बाहेर येते आणि साल दोन बोटांत राहते. डाळिंबी दुधी रंगाची, किंचित हिरवट, दोन्ही दळं जोडलेली, टोकाला मोडाचा कोंब. ती थेट गार पाण्याच्या पातेल्यात पडली पाहिजे. जोर जास्त लागला तर दळं सुटी होतात. ती वाया जात नाहीत, त्यांचा उपयोग पुढे आहे. दाबूनही जो वाल बोटांत कडकच लागतो तो गणंग, त्याला तिथेच बाजूला काढायचं, कारण शिजलेल्या बिरड्यात एक गणंग दाढेखाली आला की सगळ्या घासाची मजा जाते.

पाव किलो वाल एकट्याने सोलायला तास जातो. पेणला ते एकट्याने कुणी करतच नाही. परात मध्ये ठेवायची आणि जो घरात असेल त्याने येऊन बसायचं, आलेल्या पाहुण्यानेसुद्धा. सासूबाईंच्या धाकट्या जाऊबाई सगळ्यांत भराभर सोलतात, दोन्ही हातांनी, बोलता बोलता, परातीकडे न बघता. वरच्या वर्गात गेलेली मुलं, कुणाचं जमलेलं लग्न, कुणाची गुडघ्याची शस्त्रक्रिया, सगळं त्या परातीभोवती निघतं. शेवटी बोटांना वालाचा उग्रसर वास येतो, टोकं तांबूस होतात आणि साबणाने दोनदा धुतल्याशिवाय तो वास जात नाही. ठाण्यात आम्ही रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून तेच करतो. माझ्या मुलाला बाकी स्वयंपाकात रस नाही, पण वाल सोलायला तो आपणहून येतो.

नारळाकडे वळू. नारळ जून हवा, हातात जड लागणारा, हलवला की पाणी वाजणारा. शहाळ्यातल्या मलईचं दूध पातळ निघतं, त्यात तो स्निग्धपणा नसतो. नारळ वाढवला की विळीवर खवायचा, आणि पांढरं संपून खालचं तपकिरी लागायला लागलं की थांबायचं, नाहीतर दुधाचा रंग मळकट होतो. एका मोठ्या नारळाच्या चवात पाऊण वाटी कोमट पाणी घालून मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवायचं. सलग फिरवलं तर भांडं तापतं आणि दुधाऐवजी तेल सुटायला लागतं. मग धुवट फडक्यात घेऊन पिळायचं. हे पहिलं, जाड दूध. वाटीभर निघतं. चोथा परत मिक्सरमध्ये, आता दीड वाटी कोमट पाणी, परत पिळायचं. हे दुसरं, पातळ दूध. दोन्ही वेगवेगळ्या भांड्यांत ठेवायची आणि एकत्र करायची नाहीत. बिरड्याचं सगळं गणित या दोन भांड्यांत आहे. उरलेला चोथा सासूबाई तव्यावर कोरडा भाजून लसणीच्या चटणीत घालतात.

नारळाचं दूध म्हणजे पाण्यात विखुरलेले तेलाचे सूक्ष्म थेंब. ते एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यांच्याभोवती नारळातल्याच प्रथिनांचं पातळ आवरण असतं. साधारण ८० अंश सेल्सिअसच्या पुढे उष्णता गेली की ती प्रथिनं गोळा व्हायला लागतात, आवरण विस्कटतं, तेल वर येतं आणि खाली चोथापाणी राहतं. आंबट पदार्थानेही असंच होतं. आपण म्हणतो दूध फाटलं. म्हणून ज्या दुधात स्निग्धांश जास्त ते जाड दूध अगदी शेवटी, मंद आचेवर. पातळ दुधात फाटण्यासारखं फारसं काही नसतं, ते बिनधास्त उकळू शकतं आणि डाळिंब्यांत मुरू शकतं. सासूबाईंना यातलं शास्त्र कुणी सांगितलेलं नाही. "जाड दूध घातलं की पातेल्याजवळून हलायचं नाही," एवढं एकच वाक्य त्यांच्या सासूबाईंकडून आलेलं, आणि ते शंभर टक्के बरोबर आहे.

माझ्या ऑफिसात पलक्कडची एक सहकारी आहे. तिच्याकडे अप्पमबरोबर भाज्यांचा इश्टू होतो: बटाटा, गाजर, हिरवी मिरची, आलं, मिरी, कढीपत्ता. तीही आधी 'रंडाम पाल' म्हणजे दुसरं दूध घालून भाज्या शिजवते आणि 'ओन्नाम पाल', पहिलं दूध, आच कमी करून शेवटी घालते. त्यात आंबट काही नसतं त्यामुळे तिचं काम जरा सोपं. नारळाच्या सगळ्या किनाऱ्याने हाच क्रम आपापल्या चुलीवर शोधून काढलेला दिसतो.

आता पातेलं गॅसवर. जाड बुडाचं, पसरट. सोलून धुतलेल्या डाळिंब्या निथळून घ्यायच्या. दोन मोठे चमचे तेल, हिंग, हळद, त्यावर बारीक चिरलेला एक कांदा आणि चार-पाच ठेचलेल्या लसणीच्या पाकळ्या. कांदा पारदर्शक होईपर्यंतच परतायचा. तो तांबूस झाला की रश्शाचा रंग जातो आणि चवही दुसऱ्याच दिशेला जाते. उन्हाळ्यात पेणहून येताना कार्लेखिंडीकडून कुणी आलं असेल तर पांढऱ्या कांद्याची माळ मिळते. अलिबागच्या या कांद्याला २०२२ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तो गोडसर असतो, उग्र नसतो, आणि बिरड्यात इतका विरघळून जातो की कांदा घातलाय हे कळतही नाही. ती माळ टिकेल तितके दिवस मी दुसरा कांदा बिरड्यात घालत नाही.

कांद्यावर डाळिंब्या घालायच्या आणि इथून पुढे कालथा लांब ठेवायचा. पातेलं दोन्ही कडांना धरून हिसडून हलवायचं. मीठ, हिरवी मिरची-कोथिंबीर-आल्याचं थोडं वाटण, डाळिंब्या जेमतेम भिजतील एवढं गरम पाणी. झाकण म्हणून खोलगट ताटली ठेवायची आणि त्या ताटलीत पाणी घालायचं. आतली वाफ गार ताटलीला लागून परत खाली ठिबकते, डाळिंब्या कोरड्या पडत नाहीत, आणि लागलंच तर ताटलीतलं तापलेलं पाणीच आत घालता येतं. कुकर नको. सोललेली डाळिंबी इतकी नाजूक असते की एका शिट्टीत तिचं पिठलं होतं. ताटलीखाली मंद आचेवर बारा-पंधरा मिनिटं पुरतात. एक दाणा काढून बोटांत दाबायचा, आकार न मोडता मऊ दबला पाहिजे.

डाळिंब्या पूर्ण मऊ झाल्याशिवाय आमसूल घालायचं नाही. आंबट पाण्यात कडधान्याच्या पेशींना बांधून ठेवणारं द्रव्य विरघळत नाही, मग तासभर शिजवलं तरी दाणा टणक राहतो. शिजल्या की मघाच्या तुटलेल्या दळांसकट पळीभर डाळिंब्या पातेल्याच्या कडेला घेऊन पळीच्या पाठीने ठेचायच्या. त्यांच्यातलं पीठ रसाला अंग देतं आणि दूध फाटू नये म्हणूनही मदत करतं. मग पातळ दूध, तीन-चार आमसुलं, सुपारीएवढा गूळ. एक उकळी, पाच मिनिटं मुरू द्यायचं. चव बघायची. आंबट पुरेसं उतरलं असेल तर आमसुलं काढून टाकायची, नाहीतर ती रसाला जांभळट छटा देत राहतात.

गॅस अगदी बारीक. जाड दूध कडेकडेने सोडायचं. पातेलं गोल फिरवत राहायचं. आधी रस पांढरट दिसतो, मग हळद त्यात मिसळते आणि सगळ्याला एकसारखा फिकट पिवळा रंग येतो. वास बदलतो, वालाचा उग्रपणा मागे सरकतो आणि ओल्या नारळाचा वास पुढे येतो. कडेला बारीक बुडबुडे दिसले की गॅस बंद. कोथिंबीर, आणि दहा मिनिटं झाकून. त्या दहा मिनिटांत रस आणखी दाट होतो, म्हणून बंद करताना थोडा पातळ वाटला तरी घाबरायचं कारण नाही.

श्रावणी सोमवारी कांदा-लसूण नाही. मग फोडणीत हिंग जरा सढळ, जिरं, आलं जास्त. दिवसभराचा उपास संध्याकाळी दिवेलागणीनंतर सुटतो. केळीच्या पानावर वरणभात, अळूवडी, खीर आणि हे बिरडं. माझं स्वतःचं मत विचाराल तर बिनकांद्याचंच बिरडं जास्त चांगलं. वाल आणि नारळ यांच्यामध्ये तिसरं कुणी नसतं, कडवट आणि गोड दोन्ही चवी स्वच्छ कळतात. बायकोला हे पटत नाही. तिला लसूण हवी.

हल्ली बिरड्यात काजूची पेस्ट किंवा डब्यातलं फ्रेश क्रीम घालायच्या कृती जागोजागी दिसतात. मला त्या मनापासून पटत नाहीत. दुधाची साय जिभेवर थर धरते आणि वालाची चव त्याखाली दबते. काजू तर सगळ्याच भाज्यांना एकाच चवीला आणून ठेवतो. नारळाचं दूध दाट असूनही पातळ कापडासारखं असतं, आतलं सगळं दिसू देतं. मग कशाला दुसरं काही? वेळच नसेल तर तडजोड दुसऱ्या ठिकाणी करावी. ठाण्यात जांभळी नाक्याच्या मंडईत सोललेले वाल मिळतात, दादरलाही मिळतात. ते सकाळी लवकर जाऊन घ्यावेत, कारण दिवसभर पाण्यात बसून राहिले की बेचव होतात. वास घेऊन बघावा, आंबूस आला तर पुढे जावं. नारळाचं तयार दूधही चालेल. डब्यातल्या दुधात बहुतेक वेळा स्थिर राखणारा डिंक घातलेला असतो, त्यामुळे ते सहसा फाटत नाही, पण ताज्या नारळाचा वास त्याला नाही. पावडर घेणार असाल तर पाकिटावरची बारीक अक्षरं वाचा. काहींत गाईच्या दुधातलं प्रथिन असतं, आणि घरात कुणी दूध वर्ज्य केलेलं असेल तर ते आधी कळलेलं बरं.

पेणला बिरडं तांदळाच्या भाकरीबरोबर किंवा भाताबरोबर खातात. मी ज्वारीच्या भाकरीबरोबर खातो. मंगळवेढ्याच्या मालदांडीची भाकरी, गरम, पापुद्रा सुटलेली. पहिल्यांदा मी तसं वाढून घेतलं तेव्हा सासूबाई काही बोलल्या नाहीत, फक्त बघत राहिल्या. पुढच्या वेळी त्यांनी स्वतःच्या पानात अर्धी भाकरी मागून घेतली. आता मी सोलापूरला निघालो की त्यांचा फोन येतो, "ज्वारी आणताय ना?" रस शोषून घ्यायला भाकरीइतकं दुसरं काही नाही, आणि ज्वारीला स्वतःची अशी जी मातकट चव आहे ती कडव्या वालाला फार छान लागून असते.

उरलं तर दुसऱ्या दिवशी अधिक मुरलेलं लागतं. फ्रिजमध्ये ते थिजतं, वर पांढरी साय धरते. खोबरेल तेल २४ अंशांच्या आसपास गोठतं, तेवढंच ते, बिघडलेलं नसतं. मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नका, मध्येच एका जागी उकळी फुटते आणि तिथे दूध फाटतं. पातेल्यात दोन चमचे गरम पाणी घालून, बारीक आचेवर, पातेलं फिरवत, वाफ दिसेपर्यंतच गरम करायचं.